"भुकेले आले का गं?" : आईसोबत पाहिलेली 'किंगडम'

या पौषात आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती सिन्नरच्या पूर्व भागातल्या आमच्या गावाहून दीड महिन्यासाठी माझ्याकडे नाशिकला, जेलरोडला राहायला आली. आई आता पंचाहत्तरीची आहे. दिवसभर फिजिओथेरपीचे व्यायाम, बर्फाचा शेक, गोळ्या, आणि संध्याकाळी सात वाजले की मालिका. चौथ्या दिवशी तीच वैतागली. "नुसत्या साड्या नि भांडणं. दुसरं काहीतरी लाव की." माझा लेक सुट्टीला घरी आला होता. त्याने नेटफ्लिक्सवर 'किंगडम' ही कोरियन मालिका लावली.

मी आधी नकोच म्हणाले. मी सव्वीस वर्षं नर्स आहे. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षं कोविड वॉर्डात गेली, त्यानंतर साथीचं काहीही पडद्यावर बघायचं मी बंद केलं होतं. या मालिकेचा दुसरा सीझन १३ मार्च २०२० ला आला. त्या आठवड्यात लेक रात्री जागून तो बघायचा आणि मी बाहेरच्या खोलीत मास्कची बंडलं मोजायचे. नंतर चार वर्षं त्याने माझ्यापुढे विषय काढला नाही. या वेळी मात्र आजीला गोष्ट कळावी म्हणून कोणीतरी सबटायटल वाचून दाखवायला हवी होती, आणि ते काम माझ्याकडे आलं. मूळ कोरियन आवाज, खाली इंग्रजी ओळी आणि सोफ्यावर बसून त्या मराठीत सांगणारी मी. सहा रात्री, रोज दोन भाग, आणि सातव्या रात्री दीड तासाचा विशेष भाग. रोज रात्री घसा बसायचा, तरी एकाही रात्री मी उठून गेले नाही.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेटफ्लिक्सने कोरियात काढलेली ही पहिली स्वतःची मालिका. जानेवारी २०१९ मध्ये पहिला सीझन आला, सहा भागांचा. दुसराही सहाच भागांचा. लेखिका किम उन-ही, पहिल्या सीझनचा दिग्दर्शक किम सोंग-हून. काळ जोसोन राजवटीचा, म्हणजे जपानने कोरियावर १५९२ ते १५९८ अशी जी मोठी चढाई केली, ती संपून काही वर्षं झालेली. त्याच सुमाराला आपल्याकडे चांदबिबी अहमदनगरचा किल्ला लढवत होती. हे मी आईला सांगितल्यावर तिला काळाचा अंदाज आला आणि ती सावरून बसली.

राजा आजारी आहे, देवी आल्या आहेत, कोणी भेटायचं नाही, असं राजवाड्यातून जाहीर होतं. खरं तर राजा मेलेला आहे. त्याची तरुण राणी गरोदर आहे आणि तिचे वडील, मुख्य मंत्री चो हाक-जू, यांना बाळ जन्मेपर्यंत राजा जिवंत दाखवायचा आहे. कारण युवराज ली चांग हा उपपत्नीचा मुलगा. राणीला मुलगा झाला की गादी त्याची. म्हणून एका वनस्पतीचा अर्क वापरून मेलेल्या राजाला उठवलं जातं. उठतो तो राजा नसतो, फक्त एक भूक असते. युवराज बापाच्या आजाराचा छडा लावायला राजधानी हानयांग सोडतो आणि दक्षिणेला डोंगने इथे जातो, तो आजच्या बुसानचा भाग. बरोबर एकच अंगरक्षक, मुयोंग.

इथपर्यंत आई शांतपणे बघत होती. पडद्याआडून हात येतो तेव्हा "अगं बाई" एवढंच म्हणाली. पुढचा प्रसंग मात्र मी विसरणार नाही.

राजवैद्याच्या हाताखालचा एक पोरगा राजाने चावून मारलेला असतो. त्याचं प्रेत डोंगनेच्या जियुलहॉन नावाच्या दवाखान्यात येतं. त्या दवाखान्यात औषध संपलंय, तांदूळ संपलाय. रोगी भिंतीला टेकून बसलेत, त्यांचे गाल आत गेलेत. तिथे योंगशिन नावाचा एक माणूस मोठ्या कढईत रस्सा शिजवतो आणि हरीण मारून आणलं असं सांगतो. लोक वाडगे पुढे करतात. कॅमेरा त्या वाडग्यांवर बराच वेळ थांबतो. एक जण ओठाला लावतो, दुसरा बोटाने तळ पुसून घेतो. आई तेव्हा मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

"कसलं मटण हाय ते?"

"हरणाचं म्हणतोय."

"हरीण कुठून येईल गं त्या मुलखात. झाडाला पान नाही."

मला सबटायटलमधून कळायच्या आधी तिला कळलं. ते मांस त्या मेलेल्या पोराचं होतं. सोबी नावाची वैद्य बाई परत येते, तिच्या लक्षात येतं, पण तोवर सगळ्यांनी खाल्लेलं असतं. आणि त्या रात्री जियुलहॉनमधले रोगी एकेक करून तडफडून मरतात आणि उठतात.

लेक म्हणाला, "आजी, हे झॉम्बी." आईने ऐकलंच नाही. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि योंगशिनबद्दल म्हणाली, "त्याचं काय चुकलं? दोन घास पोटात जावे म्हणून केलं त्यानं." मग ७२ सालाबद्दल बोलायला लागली. मी जन्मले ७४ ला, त्यामुळे ते वर्ष माझ्यापर्यंत आलं ते 'दुष्काळ' या एका शब्दात. ती बावीस वर्षांची होती, माझा थोरला भाऊ तीनचा. पाझर तलावाच्या कामावर ती माती वाहायची, नंतर खडी फोडायची. कामावर सुकडी मिळायची, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ. तिथेच खा, घरी नेऊ नका, असं मुकादम सांगायचा. ती निम्मी खायची आणि निम्मी पदराच्या गाठीत बांधून आणायची. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी थापताना तडकायची. "रात्री पोरगं उठून डबे हुंगायचं," ती म्हणाली. "उघडायचं नाही. हुंगायचं आणि परत येऊन निजायचं."

हे तिने मला पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रात्रीपासून तिने त्यांना भूत म्हणणं सोडलं. अंधार पडायला लागला, ढोल वाजायला लागले की विचारायची, "भुकेले आले का गं?" आमच्या घरात तोच शब्द रुळला. लेकही तोच वापरायला लागला. या मालिकेबद्दल मी बरंच वाचलं होतं, थरार, मारामाऱ्या, वेगाने धावणारी प्रेतं. इतका नेमका शब्द कुठे वाचला नव्हता.

आणि तो नुसता आईचा हळवेपणा नाही, गोष्टीच्या मुळातच ते आहे. राजा ज्याला चावतो तो फक्त मरतो, पुढे काही पसरत नाही. रोग पसरतो तो उपाशी माणसांनी ते मांस खाल्ल्यावर. तिथून पुढे ज्याला चावा बसला तो उठतो आणि दुसऱ्याला चावतो. म्हणजे राजवाड्यातलं एका घरापुरतं पाप साथ झालं ते दवाखान्यात तांदूळ नव्हता म्हणून. लेखिकेने हे कोणाच्याही तोंडी भाषण म्हणून घातलेलं नाही. सोबी एकेक लक्षण जुळवत जाते आणि आपल्यालाही ते तिच्याबरोबरच उमगतं.

सोबीबद्दल मला सावकाश लिहायचं आहे. बे दूना या अभिनेत्रीने ती केली आहे. जोसोनमध्ये बायकांना तपासायला स्त्री वैद्य असाव्यात म्हणून १४०६ मध्ये मुलींना शिकवायची पद्धत सुरू झाली, कारण घरंदाज बायका पुरुष वैद्याला नाडीसुद्धा दाखवत नसत. या मुली मात्र खालच्या थरातल्या, सरकारी दासींमधून निवडलेल्या असायच्या. काम जिवाचं आणि मान कुणाचाच नाही. सोबी कमरेत वाकून, खाली बघून बोलते, पण तिचे डोळे कामच करत असतात. प्रेतं दिवसा कुठे जातात, कशाला घाबरतात, जखम कुठे आहे, चावल्यावर किती वेळाने उठतात, हे ती बघून ठेवते. पहिल्या सीझनमध्ये एका सकाळी ती सगळ्यांना सांगत सुटते की हे मेलेले नाहीत, हे झोपलेत, सूर्य मावळायच्या आत यांची डोकी तोडा नाहीतर जाळा. तिचं कोणी ऐकत नाही. ती ओरडत नाही, रडत नाही. परत तेच वाक्य त्याच आवाजात म्हणते.

मला तो आवाज ओळखीचा आहे. रात्रपाळीला डॉक्टरांना तिसऱ्यांदा फोन लावून "सर, पेशंटचं सॅच्युरेशन उतरतंय" असं सांगताना आमचा आवाज तसाच होतो. चढवला की समोरचा म्हणतो, सिस्टर पॅनिक करतायत. बे दूनाला हे कोणी शिकवलं ते माहीत नाही, पण तिने ते अचूक पकडलंय. सिनेमातल्या नर्स आणि डॉक्टरणी पदर सावरत धावत सुटतात आणि मला राग येतो. इथे पहिल्यांदा पडद्यावर आमच्या कामाचा वेग बरोबर दिसला. घाई सगळी हातांत असते, चेहऱ्यावर नसते.

मग प्रेतांवरून वाद होतो. आईबापांनी दिलेल्या देहाला इजा करायची नाही हा तिथला धर्म, म्हणून मोठ्या घरांतले लोक आपल्या प्रेतांना हात लावू द्यायचा नाही असा हट्ट धरतात. गरिबांची प्रेतं एका बाजूला, खानदानी प्रेतं दुसऱ्या बाजूला, आणि सूर्य खाली चाललाय. कोणाचं प्रेत कोणाचं आहे हे ठरवण्यात अख्खा दिवस जातो. नंतर हेच अधिकारी आणि श्रीमंत लोक गावाला किनाऱ्यावर सोडून जहाजाने निघून जातात. त्या जहाजावर एक म्हातारी बाई पेटी घेऊन चढलेली असते आणि त्या पेटीत तिच्या मुलाचं प्रेत असतं.

पुढे काय होतं ते कळायला अक्कल लागत नाही. लेकाने "काय मूर्ख बाई आहे" म्हटलं. आईने त्याला गप्प केलं. "आई हाय ती."

मी काही बोलले नाही. मला सप्टेंबर २०२० मधला एक मुलगा आठवला, विशीतला. वडिलांचं शव पिशवीत बांधून झालं होतं, वर चिठ्ठी लावली होती. तो लांब उभा राहून एवढंच म्हणत होता, "सिस्टर, चेन थोडी खाली करा ना, फक्त चेहरा." आमच्या वॉर्डात परवानगी नव्हती. मी केली नाही. ती बाई पेटी कवटाळून जहाजावर बसते तेव्हा मला ती चुकतेय असं वाटलंच नाही, आणि सोबी चुकतेय असंही नाही. मालिका दोघींपैकी कोणाचीही बाजू सोपी करत नाही, म्हणून तो भाग बघवला.

जहाज निघून जातं तेव्हाही मला आमचा वॉर्ड दिसला. मी तेव्हा ज्या रुग्णालयात होते तिथे लाट भरात असताना ऑक्सिजनचा एक बेड दोन दिवस रिकामा ठेवला होता. 'साहेबांकडून कोणीतरी येणार आहे' म्हणून. खाली व्हरांड्यात माणसं स्ट्रेचरवर होती. कोणी आलंच नाही. तिसऱ्या दिवशी बेड दिला, तोवर दोघं गेले होते. याचा राग माझ्यात होता हे मला या मालिकेने दाखवलं.

घाटाच्या दरवाज्याचंही सांगायला हवं. साथ वर राजधानीकडे येऊ नये म्हणून मुख्य मंत्री मुंग्योंग सेजे ही डोंगरातली खिंड बंद करतो. दक्षिणेतून आलेली हजारो माणसं बाहेर, मुलं कडेवर, दरवाजा लावलेला. आई म्हणाली, "आपल्या घाटासारखं दिसतंय." २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून चालत निघालेली माणसं कसारा घाट चढून नाशिकच्या महामार्गावर यायची ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. नाशिकचा द्वारका चौक ओलांडून आग्र्याच्या दिशेने, डोक्यावर पिशव्या, पायांत तुटलेल्या चपला. कोणी केळी वाटायचं, कोणी पाणी.

आता बाकीचं. चित्रण फार देखणं आहे, पण घरातले दिवे बंद करून मोठ्या पडद्यावरच बघा. निम्मी गोष्ट रात्री घडते आणि मोबाइलवर नुसता काळोख दिसेल. टोप्यांबद्दल जगभर लोक बोलले आणि बरोबरच बोलले. घोड्याच्या केसांची आणि बांबूच्या काड्यांची ती काळी, आरपार दिसणारी टोपी, तिला गात म्हणतात. दर्जा बदलला की टोपी बदलते. आईला दुसऱ्याच रात्री हिशोब कळला. "आमच्याकडं पण फेटा बघून मानूस वळखायचे," म्हणाली, आणि त्यानंतर कोण मोठा कोण छोटा हे ती मलाच सांगायची.

जू जी-हूनचा युवराज सुरुवातीला मला रुचला नाही. अंगावर रेशीम, चेहऱ्यावर रुसवा. पण तो बदलतो, आणि बदल पायांतून दिसतो. चिखलात उतरतो, उपाशी माणसांच्या मध्ये जमिनीवर बसतो. र्यू सुंग-र्योंगचा चो हाक-जू हा मी अलीकडे पाहिलेला सगळ्यात भीतीदायक माणूस, आणि तो आवाज कधी चढवत नाही. किम सांग-होचा मुयोंग हा आईचा लाडका. त्याची बायको गरोदर असते, आणि दर भागात आई विचारायची, "त्याच्या बायकोचं काय झालं?" दुसऱ्या सीझनमध्ये त्याचं उत्तर मिळतं. त्या रात्री आईला मी झोपेची गोळी नेहमीपेक्षा उशिरा दिली, कारण तिला बोलायचं होतं. डोंगनेचा नवा अधिकारी चो बोम-पाल पळपुटा आहे, पण त्याच्यावर चिडता येत नाही.

न आवडलेलंही आहे. नावं एकसारखी आहेत आणि घराण्यांचं राजकारण सुरुवातीला इतक्या वेगाने येतं की मला दोनदा थांबवून मागे जावं लागलं. राणीचं पात्र तिच्या इच्छेपेक्षा जास्त तिच्या कारस्थानातच दिसतं. ती अशी का झाली हे एका प्रसंगात, जवळजवळ शेवटी कळतं. ते आधी यायला हवं होतं. दुसऱ्या सीझनमध्ये माणसं योग्य जागी योग्य वेळी फार सोयीने पोचतात. आणि शेवट नवीन दार उघडून ठेवतो. जुलै २०२१ चा 'किंगडम: आशिन ऑफ द नॉर्थ' हा विशेष भाग त्या दाराच्या अलीकडची गोष्ट सांगतो, पलीकडची नाही. जुन जी-ह्युन त्यात फार कमी बोलते आणि फार चांगली आहे, पण तो भाग सगळ्यात कडवट आहे. आईला झोप लागली नाही. आजारी माणसाबरोबर बघत असाल तर तो भाग दुपारी बघा.

आणखी एक इशारा. लहान मुलांना अजिबात दाखवू नका. रक्त आहे, तोडलेली मुंडकी आहेत, आणि एका वस्तीतल्या कुष्ठरोग्यांबद्दलचं एक सत्य आहे जे मोठ्यांनाही जड जातं. ते मी सांगत नाही. एवढंच सांगते की लढाई जिंकायला आधी कोणाला मोजलं जातं, हे तिथे समोर येतं. चौथ्या रात्री आम्ही तिघं जेवण अर्धवट टाकून ते बघत होतो. जेवताना बघायची ही मालिका नव्हे.

थंडीचं एक सांगायचं राहिलं. पहिला सीझन संपतो तो थंडीच्या एका गोष्टीवर. ती इतकी साधी आहे, इतका वेळ समोर असते, की आम्ही तिघं एकदमच "अरे" म्हणालो. त्या आठवड्यात निफाडला पारा एक आकडी होता, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवत होते आणि आमच्या गॅलरीच्या काचेवर दव जमलं होतं. आईने उठून, वॉकर धरून, खिडकीची कडी स्वतः लावली. भीतीने नाही, असं ती म्हणाली. पण लावली.

विशेष भाग संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझी रात्रपाळी सुरू झाली. सकाळी साडेआठला घरी आले तर आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी, गुडघ्याला पट्टा, बाजूला वॉकर. तव्यावर बाजरीची भाकरी आणि कढईत पिठलं. मी रागावले, डॉक्टरांनी इतका वेळ उभं राहायला मनाई केलीय म्हणून. तिने ताट माझ्याकडे सरकवलं.

"ती सोबी," ती म्हणाली, "सहा रात्री बघितलं मी. सगळ्यांला औषध देती, सगळ्यांच्या मागं धावती. तिला कोणी जेवायला वाढलेलं दावलं का गं एकदा तरी?"

मला आठवेना. मी पाटावर बसले आणि भाकरी मोडली.